चालत जाण्याच्या अंतरावरची खोली

आमच्या गावाच्या खोलीचं कुलूप पितळी होतं. मुठीत धरलं तर मूठ भरून वर उरायचं. ते मी एका माणसाच्या तोंडावर मारलं, आणि एकदा नाही, तीनदा. पहिल्या फटक्याला त्याचा ओठ फाटला, दुसऱ्याला दोन दात पडले, आणि तिसरा मारायची काही गरज नव्हती तरी मारला. साठीला आलेला माणूस मी, आयुष्यभर लिफ्टचा मेकॅनिक म्हणून राबलो, घरात मुलीचं लग्न व्हायचंय. पण खोटं कशाला बोलू, तिसरा फटका मारताना मला सगळ्यात बरं वाटलं.

मार खाणारा कोणी परका नव्हता. आमच्याच गावचा, आमच्याच वाडीतला. ज्याच्या नावावर त्या खोलीची भाडेपावती होती त्या म्हाताऱ्याचा नातू. म्हाताऱ्यानं मला लहानपणी खांद्यावर बसवून लालबागचे गणपती दाखवले होते, आणि त्याच्याच नातवाचं रक्त माझ्या शर्टावर उडालं.

खोली म्हणजे दहा बाय बारा, लालबागमधल्या सेसच्या, म्हणजे सरकारी दुरुस्ती-कराच्या, जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. ती कुणा एकाची नव्हती, गावाची होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या कोकणातल्या गावचे बाप्ये तिथे राहायचे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा व्हायचा. मालक पावतीवर एकच नाव लिहायचा, म्हणून वयानं मोठा त्याचं नाव घातलं. मग सगळ्यांनी मिळून खोलीच्या कोपऱ्यात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, की ही खोली गावाची, पावतीवर नाव कुणाचंही असो, जो ही एकट्यानं खाईल त्याचं तू बघून घे. सगळे एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणाले. झालं, तोच आमचा करार. देवाला साक्षीला घेतलं, वकिलाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. असली चूक आमचीच माणसं करू जाणे.

गिरण्या बंद पडल्या, बाप्ये गावी गेले, काही वर गेले. खोली राहिली. आणि मग तिला दुसरं काम लागलं. आमच्या खोलीपासून परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर. गावात कुणाला गाठ निघाली, कुणाच्या घशाखाली घास उतरेना, की तालुक्याचा डॉक्टर सांगायचा मुंबईला न्या, आणि गाव सांगायचं खोलीवर जा. चावी खालच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगलेली असायची. आलेल्या माणसानं गावाचं नाव सांगायचं आणि चावी घ्यायची. खोलीत एक वही होती, आम्ही तिला मुक्कामवही म्हणायचो. येणाऱ्यानं नाव, तारीख आणि कशासाठी आलो ते लिहायचं, जाताना जायची तारीख लिहून सही करायची. अशा सात वह्या झाल्या होत्या. जुन्या वह्यांत ‘कामधंद्यासाठी’ असं असायचं, नव्यांत पानंच्या पानं ‘शेकासाठी’. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. काही नावांपुढे जायची तारीख नव्हती. ती माणसं हॉस्पिटलातूनच गेली.

मी त्या खोलीचा कारभारी. माझं स्वतःचं घर बदलापूरला, कारण पगारात तेवढंच बसलं. ड्युटी इकडच्या टॉवरांत, म्हणून आठवडाभर खोलीवर झोपायचो आणि रविवारी घरी जायचो.

मग मेट्रो आली. भुयार खणत होते तेव्हा मांडणीतली भांडी थरथरायची, भिंतीला तडा गेला, आणि आम्ही वेडे खूश होतो की आपल्या दारात स्टेशन येतंय. आलं. माहीम म्हणू नका, गिरगाव म्हणू नका, सगळं हाकेच्या अंतरावर आलं. आणि पाठोपाठ नियम आला की स्टेशनच्या आसपास जास्त मजले बांधायला परवानगी. कागदावर शहाणपणाचंच आहे ते. जिथे गाडी जवळ तिथे जास्त माणसं राहावीत, कोण नाही म्हणेल? फक्त ती माणसं कुठली, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी ज्या टॉवरांत लिफ्ट दुरुस्त करतो तिथे एकेका मजल्यावर एकेक कुटुंब, आणि त्यांच्या चार-चार गाड्या तळघरात. मेट्रोत त्यांतलं कुणी मी कधी चढताना पाहिलं नाही.

स्टेशन सुरू झालं आणि चाळीत माणसं माणसांना फाडून खायला लागली. पहिल्या मजल्यावर दोन सख्ख्या भावांत पावतीवरून वाद झाला, धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात वरवंटा घातला. कपाळाला चौदा टाके. शेजारच्या घरात सुनेनं सासऱ्याला कोंडून ठेवलं, का तर तो चाळ पाडायच्या, बिल्डरच्या संमतीपत्रावर सही करेना. पन्नास वर्षं एका नळावर भांडून एका ताटात जेवलेली माणसं ही. च्यायला, खोली पडकी होती तोवर सगळे भाऊ-भाऊ होते.

सर्वेला एक मुलगी आली होती, बोलायला फार चांगली. फॉर्मवर रकाना होता, कुटुंबातील सदस्य. मी म्हटलं, गाव लिहा. ती हसली नाही, उलट वरच्या साहेबांना फोन लावून विचारलं तिनं. गाव लिहिता येत नाही म्हणाले. पावतीवर ज्याचं नाव त्याचा वारस, तोच पात्र, नवीन घर त्यालाच. म्हणजे त्या नातवाला, जो डोंबिवलीला राहायचा आणि खोलीचा जिना आयुष्यात चार वेळा चढला असेल. आयत्या बिळावर नागोबा. त्यानं गुपचूप संमतीपत्रावर सहीसुद्धा करून टाकली होती. घरही नको होतं त्याला, बिल्डरकडून पैसे घेऊन मोकळा होणार होता.

मी हरकत घेतली. सातही मुक्कामवह्यांच्या झेरॉक्स काढून अर्जाला जोडल्या, की बघा, इथे कोण राहत आलंय. अर्ज घेणाऱ्या साहेबानं वही चाळली आणि म्हणाला, हे भक्कम आहे, अस्सल वह्या सांभाळा. गावाची बैठक बोलावली ती लालबागमधल्याच एका मंडळाच्या हॉलमध्ये. नातू आला आणि म्हणाला, आजोबांची पावती, माझा हक्क, गावानं फुकट झोपून घेतलं ते पुरे. त्यावर एकानं खुर्ची फेकली. ती त्याला न लागता एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला लागली, आणि मग कोण कुणाला मारतंय कळेना. मीही दोघांना लोळवलं, त्यातला एक माझ्याच बाजूचा होता. बैठकीचा ठराव काही झाला नाही.

आणि याच दिवसांत आक्का आली.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. स्वतःचं लग्न उशिरा केलं ते माझ्यामुळे, आणि नवरा लवकर गेला तर तक्रार कुणाजवळ केली नाही. तिला पिशवीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितले, आठवड्याचे पाच दिवस, खंड पाडायचा नाही. खंड पडला तर आधीचं केलेलं वाया जाऊ शकतं, असं त्यांनी दोनदा बजावून सांगितलं.

पाचव्या-सहाव्या शेकानंतर तिला बसवेना. खालची कातडी भाजल्यागत झाली होती. उभी राहायची, आडवी व्हायची, हळूहळू चालायची, पण बसायचं म्हटलं की डोळ्यांतून पाणी. आमची पंधरा मिनिटांची वाट तिला पाऊण तासाची झाली. फ्लायओव्हरखालून निघायचं, चिवड्याच्या दुकानासमोर भिंतीला टेकायचं, मग बंद गिरणीच्या गेटापाशी, मग औषधाच्या दुकानाच्या खांबाला. तिन्ही ठिकाणची माणसं तिला ओळखायला लागली होती. चिवडेवाला तिला बघितलं की दारातल्या गिऱ्हाइकांना बाजूला करायचा.

चाळ कधीही रिकामी करावी लागणार हे दिसत होतं, म्हणून मी दुसरी सोय शोधली. धर्मशाळांच्या याद्या महिनाभर लांब. परळात भाड्यानं खोली बघायला गेलो तर एजंट म्हणाला, पेशंटला कोणी देत नाही. रे रोडला एकानं दाखवली, तिला जिना नव्हता, शिडी होती. शेवटी अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत एका ओळखीच्यानं चार दिवस राहा म्हटलं. नकाशात बघाल तर काहीच लांब नाही. तिथून एक दिवस टॅक्सीनं आणली तिला. मागच्या सीटवर कुशीवर झोपवली, तरी खड्ड्याखड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. हॉस्पिटलच्या दारात उतरवली तेव्हा सीटवर रक्त होतं. टॅक्सीवाला भला माणूस, वर्तमानपत्र टाकून पुसून घेतलं. आक्का म्हणाली, “माका चलत जावक होया. चलत जमता माका.” त्याच दिवशी तिला परत खोलीवर आणली. चालत जायच्या अंतरावरची ती एक खोली आणि राहिलेले शेक, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

चौदा शेक झाले. पंधराव्याच्या दिवशी सकाळी मी एका टॉवरात लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला, ताबडतोब ये. धावत गेलो. नातू बिल्डरची चार माणसं घेऊन आला होता. संडासाची दारं आधीच काढून नेली होती, आता खोलीचं दार बिजागरीपासून उखडून गॅलरीत टाकलं होतं. गावच्या माणसांच्या जुन्या पेट्या ते जिन्यावरून खाली ढकलत होते आणि एकेक पेटी पायऱ्यांवर आपटून फुटत होती. आत गेलो तर एक जण आक्काच्या अंगाखालची गादी ओढत होता. ती फरशीवर पडली होती, गाऊन वर सरकलेला. ती तो दोन्ही हातांनी खाली ओढत होती. नातू दारात उभा राहून म्हणत होता, आवरा लवकर.

दाराची कडी खाली पडली होती आणि तिच्यात कुलूप तसंच अडकलेलं होतं. ते मी उचललं.

पुढचं सांगितलंच आहे. चौघांनी मला धरलं, गॅलरीच्या कठड्यावर आपटलं, माझ्या दोन बरगड्या गेल्या. चाळीतले बाहेर आले, पण ते मध्ये पडले नाहीत. त्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या, त्यांना बिल्डरकडून बाहेर राहण्याचं भाडं सुरू व्हायचं होतं. एकटी गिरणीवाल्याची बायको वर आली आणि तिनं आक्काला चादर घातली.

पोलीस आले आणि मला घेऊन गेले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जबडा मोडलाय, हाड मोडलं की कलम मोठं लागतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. बरगडीत कळा येत होत्या आणि मी फक्त भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. आक्काची शेकाची वेळ साडेअकराची. साडेअकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. पंधरावा शेक हुकला. मी त्या बाकावर बसून माझ्याच हाताला चावलो, रक्त येईपर्यंत.

दुपारी नातवाचा मेहुणा आला, सोबत बिल्डरच्या ऑफिसातला एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माझ्या हरकतीमुळे काम अडलंय. मी हरकत मागे घ्यावी, अस्सल मुक्कामवह्या त्यांच्या हवाली कराव्यात, खोली गावाची नव्हती असं लिहून द्यावं. मग नातू तक्रार आपसात मिटवेल आणि शेवटचा शेक होईपर्यंत खोलीला कुणी हात लावणार नाही. दार परत बसवून देऊ म्हणाले. आणि नाही म्हटलं, तर मी आत आणि आक्का रस्त्यावर.

“किती शेक राहिलेत?” इस्त्रीवाल्यानं विचारलं.

“अकरा.”

त्यानं ते फाइलवर लिहून घेतलं. एवढ्या गावाची, एवढ्या मेलेल्या आणि जगलेल्या माणसांची खोली मी अकरा शेकांना दिली. गाव करी ते राव न करी म्हणतात, आणि गावानं केलेलं मी एकट्यानं दुपारच्या चहात मोडलं. संध्याकाळी पोलिसांकडून सुटलो, खोलीवरून वह्यांची पिशवी घेतली, आणि त्यांच्या ऑफिसात कागद वाचून दाखवला गेला, शेवटी वाचणाऱ्यानं विचारलं, मान्य आहे का. माझ्या तोंडून निघून गेलं, “व्हय महाराजा.” त्याला वाटलं मी गंमत करतोय. तो हसला, मी सही केली, आणि पिशवीतून सात वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

गावात कुणाला सांगितलं नाही. आक्काला तर नाहीच. तिला सांगितलं की मार खाल्ला तशी त्यांची अक्कल ठिकाणावर आली. ती म्हणाली, माणसाक एवढा मारू नये रे, आणि माझ्या बरगडीला तेल लावलं. दार बसवून दिलं, फक्त बिजागरी नवीन होती. ते अकरा दिवस आम्ही रोज चाललो. फ्लायओव्हरखालून, चिवड्याच्या दुकानावरून, गिरणीच्या गेटावरून. आजूबाजूच्या खोल्या रिकाम्या होत होत्या, वर घण चालू होते, आमच्या डोक्यावर माती पडायची. भाताचं पातेलं झाकून ठेवायला लागायचं.

पंचविसावा शेक झाला. डॉक्टर म्हणाले, छान, एक दिवस हुकला तेवढंच, बाकी उत्तम. आक्का त्या दिवशी कुठेही न टेकता खोलीपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोली झाडली, पाणी भरून ठेवलं, चूल म्हणजे तो गॅस पुसला, पुढच्या माणसासाठी फडताळात तांदूळ ठेवला. मग ती मांडणीजवळ गेली, वरच्या फळीवर हात फिरवला, आणि म्हणाली, “वही खंय आसा रे? जातंय ती तारीख लिवची आसा.”

मी म्हटलं, असू दे, मी लिहीन. ती म्हणाली, स्वतः लिवची असता. तिनं गादी उचलून बघितली, पेटी उघडली. मग वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. मला लहानपणापासून तिच्यापुढे खोटं बोलता आलेलं नाही. सगळं सांगितलं. वह्या, सही, अकरा शेक, सगळं.

तिनं मला थोबाडीत मारली. अंगात रक्त नव्हतं तिच्या, कागदासारखा हात झाला होता, तरी मारली, आणि दुसऱ्या गालावरही मारली. “माका इचारलंस?” ती म्हणाली. “माझ्या जीवाक तू गावची खोली इकलंस, आणि माका इचारलंस नाय?” मी म्हटलं, तू मेली असतीस. ती म्हणाली, “मगे मेलंय असतंय. वहीत माझ्यामागनं कोणाचा नाव येवचा होता, ता तुका म्हायत आसा?”

मला माहीत नव्हतं. आमच्या वाडीतलीच एक बाई, पस्तिशीची, पदरात दोन पोरं. तीच गाठ, तेच हॉस्पिटल, पंचवीसच शेक. आक्कानंच तिला फोनवर सांगितलं होतं की सोमवारी ये, खोली तयार ठेवतंय.

ती सोमवारी आली. खोली गेल्याचं आमच्यापैकी कुणी तिला कळवलं नव्हतं. पिठाच्या गिरणीत गावाचं नाव सांगितलं आणि चावी मागितली. गिरणीवाल्यानं मला फोन केला. गेलो तर फ्लायओव्हरखाली पिशवीवर बसली होती, सोबत म्हातारी सासू. समोर आमच्या चाळीला हिरवी जाळी लागली होती आणि तिच्यावर भला मोठा बोर्ड, मेट्रो दोन मिनिटांवर, मोठी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर. मी त्या दोघींना बदलापूरला माझ्या घरी नेलं. सुरुवातीला ती लोकलमध्ये बसून यायची, मग उभी राहून, मग माझी बायको तिला धरून आणायला लागली. येऊन-जाऊन पाच तास. बारा शेक घेतले तिनं. तेराव्याच्या सकाळी उठलीच नाही. म्हणाली, जीव जाऊ दे, पण गाडीत नको, मला पोरांकडे सोडा.

आक्का बरी आहे. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. तपासणीला ती पुतण्याबरोबर आली होती, मला कळवलं नाही. माझ्याशी ती बोलत नाही. गावाहून येणारे सांगतात, ती रोज सकाळी त्या बाईकडे पेज घेऊन जाते, चमच्यानं भरवते, आणि तिची पोरं शाळेत सोडून परत येते.

ती बाई आता पेजही गिळत नाही म्हणतात.